हातचा आणि ताळा

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)



लहानपणी पाटीवर बेरीज मांडली, की गुरुजींची दोन वाक्ये ठरलेली असत. पहिले, ‘हातचा विसरू नका.’ आणि दुसरे, ‘ताळा केला का?’ सात आणि आठ पंधरा, पंधरातले पाच मांडले, हातचा एक. तो एक बोटावर धरायचा आणि डावीकडच्या घरात मिळवायचा. पाढे पाठ असले तरी चूक व्हायची ती बहुधा इथेच. आणि ती सापडायची ताळा केल्यावरच.

संगणकाकडूनही हातचा सुटतो, हे सांगितले तर तुम्हाला आश्चर्य वाटेल. यंत्र आपणहून विसरत नाही. यंत्राला आज्ञा लिहून देणारा माणूस विसरतो. पण खरी पंचाईत पुढेच आहे. एका यंत्रावर अचूक ठरलेले काम दुसऱ्या यंत्रावर चुकू शकते आणि चुकले तरी कुणाला पत्ता लागत नाही. मोबाइलवरून बँकेचे व्यवहार करताना आपण जी गुप्तता गृहीत धरतो, ती अशाच लांबलचक आकडेमोडीवर उभी आहे. म्हणून आज या आकडेमोडीचा ताळा कसा करतात, ते पाहू.

संगणकाचा किंवा मोबाइलचा मेंदू म्हणजे प्रोसेसर. त्याला कामे अगदी बारीकसारीक येतात. हा आकडा उचल, तो त्यात मिळव, इथे ठेव, शून्य आले तर तिकडे जा. या बारीक आज्ञा माणसाला वाचता येतील अशा शब्दांत लिहिल्या, की तिला असेम्ब्ली भाषा म्हणतात. आज प्रोग्रॅमर सहसा या भाषेत लिहीत नाहीत. ते सी किंवा तिच्यासारख्या सोयीच्या भाषेत लिहितात आणि कम्पायलर नावाचा दुभाषी त्याचे प्रोसेसरच्या आज्ञांत रूपांतर करतो. दुभाषी चांगला आहे, पण प्रत्येक वेळी तो सर्वांत जवळची वाट काढेलच असे नाही. जिथे क्षणाक्षणाचा हिशेब असतो, तिथे जाणकार मंडळी अजूनही हाताने असेम्ब्ली लिहितात.

हिशेब कसा असतो ते बघा. आपण मोबाइलवर सिनेमा पाहतो. एका चित्रात १९२० गुणिले १०८० ठिपके, म्हणजे वीस लाखांहून अधिक. सेकंदाला अशी तीस चित्रे धरली, तर सहा कोटींहून अधिक ठिपके दर सेकंदाला तयार करायचे. एकेक ठिपका हाती घेऊन हे करायला बसलो तर बॅटरी तापेल आणि चित्र अडखळेल. म्हणून आजच्या प्रोसेसरमध्ये अशा आज्ञा असतात, की एका आज्ञेत सोळा, बत्तीस, काहींत चौसष्ट बाइट एकदम हाताळले जातात. या आज्ञांचा पुरेपूर उपयोग हाताने लिहिलेल्या असेम्ब्लीत होतो. एव्ही-१ या पद्धतीने साठवलेली चित्रफीत उलगडून दाखवणारे ‘डेव्हिड’ नावाचे मुक्त सॉफ्टवेअर २०१८ मध्ये आले. फायरफॉक्स आणि क्रोम हे ब्राउझर ते वापरतात. त्यात सी भाषेपेक्षा असेम्ब्लीच्या ओळी कितीतरी जास्त आहेत.

आता अडचण अशी, की सगळ्या प्रोसेसरांची असेम्ब्ली एक नाही. घरातल्या संगणकात बहुधा इंटेल किंवा एएमडीचा प्रोसेसर असतो. त्यांच्या घराण्याला एक्स-८६ म्हणतात. मोबाइलमध्ये आर्म घराण्याचा असतो. आयबीएमच्या मोठ्या यंत्रांत पॉवर आणि झेड ही घराणी. अलीकडचे मुक्त घराणे म्हणजे रिस्क-फाइव्ह. प्रत्येकाच्या चालीरीती वेगळ्या.

आपला हातचाच घ्या. एक्स-८६ मध्ये बेरजेतला हातचा ठेवण्यासाठी एक खूण असते. बोटच म्हणा ना. वजाबाकीत उसना घ्यावा लागला, तर तीच खूण ‘एक’ होते. आर्ममध्येही खूण आहे, पण वजाबाकीत तिचा अर्थ उलटा. उसना घ्यावा लागला नाही, तर ती ‘एक’ होते. आणि रिस्क-फाइव्हमध्ये हातचा ठेवायला बोटच नाही! तिथे दुसरी युक्ती करावी लागते. समजा, पाटीवर फक्त दोन आकडे मावतात. ७५ आणि ६८ मिळवले तर १४३ यायला हवेत, पण पाटीवर उरतात ४३. आता ४३ हे ७५ पेक्षा लहान आहेत. बेरीज मूळ आकड्यापेक्षा लहान कशी होईल? याचाच अर्थ हातचा निघाला. अशी तुलना करून तो शोधायचा. म्हणजे एकच बेरीज तीन घराण्यांत तीन तऱ्हेने लिहावी लागते आणि एका ठिकाणची सवय दुसऱ्या ठिकाणी नेली, की चूक झालीच.

दुसरी रीत आकडे मांडण्याच्या क्रमाची. आपण मराठीत ‘पंचवीस’ म्हणतो. आधी पाच, मग वीस. लिहिताना मात्र दोन आधी आणि पाच नंतर. इंग्रजीत बोलतानाही वीस आधी येतात. यंत्रांतही असेच दोन पंथ आहेत. मोठा आकडा स्मृतीत ठेवताना एक्स-८६ लहान टोक आधी ठेवतो, मोबाइलमधला आर्मही तसेच करतो; आयबीएमचे झेड यंत्र मोठे टोक आधी ठेवते. १९८० साली डॅनी कोहेन या संशोधकाने या पंथांना गलिव्हरच्या सफरींतल्या, अंडे कोणत्या टोकाकडून फोडावे यावरून भांडणाऱ्या लोकांची नावे दिली. तीच नावे आजही चालतात. एका पंथात लिहिलेली आज्ञावली बेसावधपणे दुसऱ्या पंथात नेली, तर पंचवीसचे बावन्न होतात.

मग ताळा करायचा कसा? यात एक साधा, शहाणपणाचा मार्ग रूढ झाला आहे. हाताने लिहिलेल्या प्रत्येक तुकड्याबरोबर तेच काम करणारा साधासुधा, हळू चालणारा तुकडा सी भाषेत लिहून ठेवायचा. तो वाचायला सोपा, म्हणून त्यावर विश्वास ठेवता येतो आणि कम्पायलरमार्फत तो प्रत्येक घराण्यात चालतो. मग दोघांनाही तेच आकडे द्यायचे आणि उत्तरे जुळतात का ते पाहायचे. एक जुना, सावकाश काम करणारा कारकून आणि एक चलाख नवा. दोघांनी तीच वही स्वतंत्रपणे लिहायची आणि मग ताडून बघायची, तसे.

एक्स-२६४ या चित्रफितींच्या सॉफ्टवेअरमध्ये यासाठी ‘चेकॲझम’ नावाचा परीक्षक तयार झाला. पुढे तो एफएफएमपेग आणि डेव्हिड या प्रकल्पांतही गेला. हा परीक्षक नुसती उत्तरे ताडून थांबत नाही. तो मुद्दाम खोड्या काढतो आणि त्या खोड्यांमध्येच त्याचे महत्त्व आहे.

पहिली खोडी कुंपणाची. समजा, एका आज्ञेत सोळा ठिपके हाताळले जातात आणि चित्राची ओळ १३६६ ठिपक्यांची आहे. सोळाचे ८५ गट झाले, म्हणजे १३६० ठिपके; उरले सहा. त्या सहांसाठीही पूर्ण सोळाचा घास घेतला, तर दहा ठिपके शेजाऱ्याच्या जागेत लिहिले जातात. चित्र ठीकच दिसते; बिघडते ते दुसऱ्याचेच काही. म्हणून परीक्षक जागेच्या भोवती ठराविक आकड्यांचे कुंपण घालतो आणि काम झाल्यावर कुंपण शाबूत आहे का ते पाहतो. रिस्क-फाइव्हमध्ये तर घासाचा आकारही ठरलेला नाही. एका यंत्रात तो सोळा बाइटचा, दुसऱ्यात बत्तीसचा असू शकतो. म्हणजे वेगवेगळ्या आकारांवर ताळा करायला हवा.

दुसरी खोडी कचऱ्याची. चौसष्ट अंकी जागेत बत्तीस अंकी आकडा दिला, तर वरचा अर्धा भाग रिकामा असेलच अशी हमी नसते. पण बहुतेक वेळा तिथे शून्य असते, म्हणून निष्काळजी आज्ञावलीही वर्षानुवर्षे बिनबोभाट चालते. एके दिवशी तिथे दुसरेच काही येते आणि ती कोसळते. परीक्षक वाट पाहत बसत नाही. तो त्या अर्ध्या भागात पहिल्यापासून कचरा भरूनच देतो.

तिसरी खोडी भांड्यांची. प्रोसेसरच्या आत मोजक्याच जागा असतात, त्यांना रजिस्टर म्हणतात. एक्स-८६ मध्ये सर्वसाधारण कामासाठी सोळा, शिवाय ते मोठे घास घेणाऱ्या आज्ञांसाठी वेगळी. कल्पना करा, सणाच्या दिवशी शेजारीण आपल्या स्वयंपाकघरात मदतीला आली. आपण तिला सांगतो, ही पातेली हवी तशी वापरा, पण ती चार जशी आहेत तशीच परत मिळायला हवीत, त्यांत माझे काही काढून ठेवले आहे. आज्ञावलीच्या तुकड्यांमध्येही असाच करार असतो. परीक्षक त्या राखीव भांड्यांत ओळखीचे आकडे ठेवतो आणि काम संपल्यावर झाकण उघडून बघतो.

हा करार नुसता प्रोसेसरवर ठरत नाही. तोच प्रोसेसर, पण लिनक्समध्ये करार एक आणि विंडोजमध्ये दुसरा. एक्स-८६ ची एक्सएमएम नावाची रजिस्टरे लिनक्समध्ये कशीही वापरली तरी चालतात. विंडोजमध्ये त्यांतली दहा जशीच्या तशी परत द्यावी लागतात. सप्टेंबर २०२३ मध्ये नेमकी इथेच ठेच लागलेली उघड झाली. ओपनएसएसएल हे इंटरनेटवरची गुप्तता सांभाळणारे मुक्त सॉफ्टवेअर असंख्य सर्व्हरांवर चालते. त्यात पॉली-१३०५ नावाचे एक गणित आहे. निरोपात वाटेत कुणी फेरफार केला की नाही, हे ते सांगते. लाखेची मोहरच ती. हे गणित नव्या एक्स-८६ प्रोसेसरांवर, विंडोजमध्ये, ६४ बाइटपेक्षा मोठ्या मजकुरावर चालवले, की परतताना ती रजिस्टरे पूर्ववत न करता शून्य करून ठेवली जात. मोहर अगदी बरोबर उमटे! पण ज्याने हे काम सांगितले, त्याची भांडी रिकामी झालेली असत. उत्तर तेवढे तपासणाऱ्याला हे कधीच दिसले नसते.

पुढे जानेवारी २०२४ मध्ये त्याच गणिताच्या पॉवर प्रोसेसरांसाठी लिहिलेल्या तुकड्यात दुसरी चूक जाहीर झाली. तिथे रजिस्टरे जपून ठेवली जात, पण परत भरताना क्रम बदलत असे. म्हणजे डाळीच्या डब्यात साखर आणि साखरेच्या डब्यात डाळ. दोन घराणी, दोन स्वतंत्र तुकडे आणि दोन्ही ठिकाणी मोडला तो शेजारधर्माचा करार. एका घराण्यातली चूक सापडली, म्हणून दुसऱ्यातली आपोआप सापडत नाही.

आता पुन्हा हातच्याकडे येऊ. परीक्षक दोघांना जे आकडे देतो, ते स्वैर निवडलेले असतात, चिठ्ठ्या टाकून काढावेत तसे. एखादी चूक निघालीच, तर तोच क्रम पुन्हा काढता यावा म्हणून सुरुवातीचा बीज-आकडा तो छापून ठेवतो. बहुतेक चुका या सोडतीत सापडतात. पण हातच्याची चूक फार चोरटी असते.

गुप्ततेच्या गणितातले आकडे शेकडो अंकी असतात. प्रोसेसर त्यांचे ६४ बिटांचे तुकडे करतो आणि एका तुकड्याचा हातचा पुढच्यात नेतो. मधला तुकडा नेमका भरगच्च असेल, आपल्या भाषेत सगळे नऊच नऊ, तरच हातचा त्यातून पलीकडे उडी मारतो. ९९९ मध्ये एक मिळवावा, तसे. स्वैर निवडलेला ६४ बिटांचा तुकडा असा भरगच्च निघण्याची शक्यता किती? २ चा ६४ वा घात केला तर वीस अंकी संख्या येते, तेवढ्यात एकदा. सेकंदाला शंभर कोटी आकडे तपासले, तरी सरासरी ५८५ वर्षे लागतील. म्हणजे चिठ्ठ्या टाकून ही चूक सापडायचीच नाही.

आणि अशी चूक खरोखर झाली होती. नव्या एक्स-८६ प्रोसेसरांत दोन वेगवेगळ्या खुणांवर दोन हातचे एकाच वेळी सांभाळण्याची सोय आली. तिचा उपयोग करणारा, मोठ्या आकड्यांचा वर्ग काढणारा असेम्ब्लीचा तुकडा ओपनएसएसएलमध्ये होता. त्यात एका ठिकाणी हातचा पुढे जात नसे. नोव्हेंबर २०१७ मध्ये हे जाहीर झाले. इंटेलची पाचवी पिढी आणि तिच्यापुढचे किंवा एएमडीचे रायझेन एवढ्याच प्रोसेसरांना ही बाधा होती. जुन्या यंत्रावर तीच बेरीज बरोबर. तिचा गैरफायदा घेणे फार अवघड आहे, असे प्रकल्पानेच सांगितले होते. पण कुलपाच्या गणितात चूक आहे, एवढेच काळजी करायला पुरेसे नाही का? ती सापडली गूगलने चालवलेल्या ओएसएस-फझ या व्यवस्थेत. तिथे यंत्रे रात्रंदिवस आडवेतिडवे आकडे देऊन सॉफ्टवेअरची परीक्षा घेतात. यातून घ्यायचा धडा असा, की स्वैर आकड्यांबरोबर काठावरचे आकडेही मुद्दाम द्यायला हवेत. सगळे शून्य, सगळे नऊ, नेमका एक कमी, नेमका एक जास्त.

तिसरी गोष्ट २०२२ सालची आणि मला ती सर्वांत बोलकी वाटते. हल्लीचे सॉफ्टवेअर सुरू होताच प्रोसेसरला विचारते, ‘तुला काय काय येते?’ जुना असेल तर साधी वाट, नवा असेल तर वेगवान वाट. एकाच सॉफ्टवेअरमध्ये त्याच कामाच्या चार-पाच वाटा असतात. आता ज्या यंत्रावर परीक्षा घ्यायची, त्याला ती नवी विद्या येतच नसेल तर? परीक्षा जुन्याच वाटेने जाते, सगळी उत्तरे जुळतात, हिरवा दिवा लागतो. आणि नव्या वाटेवर कुणी पाऊलही टाकलेले नसते!

ओपनएसएसएलची ३.०.४ ही आवृत्ती २१ जून २०२२ रोजी आली. त्यात अगदी नव्या प्रोसेसरांतल्या एका विशेष आज्ञासंचासाठी वेगळी वाट होती. तिथे असेम्ब्लीभोवतीच्या सी आज्ञावलीत एककाची गफलत झाली. आकड्यात ६४ बिटांचे तुकडे किती, असे विचारले होते. उत्तर दिले गेले बिट किती याचे. म्हणजे सोळाच्या जागी १०२४. परिणामी, नेहमीच्या वापरातल्या २०४८ बिटांच्या आरएसए किल्लीचे गणित त्या यंत्रांवर चुकत असे आणि चालू असताना शेजारची स्मृतीही बिघडत असे. हल्लेखोराला त्यातून यंत्रावर ताबा मिळवता येण्याचीही भीती होती. बरोबर दोन आठवड्यांनी, ५ जुलैला सुधारलेली आवृत्ती आली. ही चूक हातच्यासारखी चोरटी मुळीच नव्हती. तो आज्ञासंच असलेल्या यंत्रावर एकदा जरी परीक्षा घेतली असती, तरी ती दिसली असती.

प्रश्न असा येतो, की इतकी यंत्रे आणायची कुठून? एक उपाय म्हणजे सोंग आणणारे सॉफ्टवेअर. फ्रान्सच्या फाब्रिस बेलार यांनी २००३ मध्ये क्यूएमू नावाचे सॉफ्टवेअर तयार केले. एफएफएमपेगची सुरुवातही त्यांनीच केली होती. क्यूएमूमुळे घरातला एक्स-८६ संगणक आर्म, पॉवर, झेड किंवा रिस्क-फाइव्हचे सोंग घेतो आणि त्यांच्या आज्ञा एकेक करून पाळतो. रिस्क-फाइव्हच्या घासाचा आकारही त्यात हवा तसा बदलून बघता येतो. उत्तर बरोबर की चूक, हे त्यावर कळते.

पण सोंग ते सोंगच. खऱ्या यंत्रावर वेग किती मिळेल, हे त्यातून कळत नाही. आणि हाताने लिहिण्याचा सारा खटाटोप तर वेगासाठीच. शिवाय स्मृतीत एकापाठोपाठ केलेली कामे दुसऱ्यांना कोणत्या क्रमाने दिसावीत, याबाबत एक्स-८६ कडक आहे आणि आर्म सैल. एक्स-८६ वर आर्मचे सोंग आणले, की या सैलपणातून होणारी चूक झाकली जाऊ शकते. म्हणून शेवटची परीक्षा खऱ्या यंत्रावरच. यासाठी जीसीसी कम्पाइल फार्मसारखी सोय आहे. तिथे अनेक घराण्यांची यंत्रे ठेवलेली आहेत आणि मुक्त सॉफ्टवेअर लिहिणारे दूर कुठूनही त्यांवर आपले काम तपासू शकतात.

हे सारे दूरदेशीचे वाटेल, पण आपलाही यात वाटा आहे. मद्रासच्या आयआयटीने ‘शक्ती’ आणि पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकने आपल्या तिरुवनंतपुरम केंद्रात ‘वेगा’ हे प्रोसेसर रिस्क-फाइव्ह पद्धतीने तयार केले. रिस्क-फाइव्हला चालना देणारा भारत सरकारचा कार्यक्रम २०२२ मध्ये जाहीर झाला. प्रोसेसर तयार होणे ही पहिली पायरी. जगातले नित्याचे सॉफ्टवेअर त्याच्यासाठी नव्याने लिहिले जाणे आणि त्यावर तपासले जाणे ही दुसरी. जे घराणे परीक्षेच्या यादीत नाही, त्याच्या चुका शेवटी गिऱ्हाइकालाच सापडतात. संगणकशास्त्र शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींना इथे खरे काम आहे. नवे काही लिहिण्याइतकेच मोलाचे काम लिहिलेल्याचा ताळा करण्याचे आहे.

आणि ज्यांना यातले काही करायचे नाही, त्यांनी एक करावे. मोबाइल किंवा संगणक ‘अपडेट करू का?’ असे विचारतो, तेव्हा ‘नंतर’ म्हणून सोडून देऊ नये. त्या चार-दोन ओळींच्या सूचनेमागे कुणीतरी, कुठल्यातरी यंत्रावर शोधलेला एखादा सुटलेला हातचा असू शकतो.

गुरुजींच्या लेखी उत्तर बरोबर आले एवढ्याने भागत नसे. ताळा दाखवावा लागे. यंत्रांच्या बाबतीत त्यात एवढीच भर घालायची, की ताळा एका पाटीवर करून चालत नाही. जितक्या पाट्या, तितके ताळे.